बंदुकीच्या दुकानाची भिंत

तंजावरच्या मेल वीथीवर, पितळी दिव्यांच्या आणि साड्यांच्या दुकानांमध्ये, एक बंदुकीचं दुकान आहे. ते चालवते चंद्रमती. मुलींच्या शाळेत तिनं सव्वीस वर्षं बीजगणित शिकवलं. नवरा वरुणराव गेला तेव्हा सारे आप्त धरून चालले होते की ती दुकान विकून मोकळी होईल. तिनं मात्र कलेक्टर कचेरीत खेटे घालून परवाना आपल्या नावावर करून घेतला. का, असं बहिणीनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तीस वर्षं हे घरी येऊन दुकानातलं काही बोलायचे नाहीत. आत काय चालतं ते मला एकदा पाहायचंय."

आत फारसं काही चालत नव्हतं. तिरुवैयारुकडचे नारळबागांचे मालक आजोबांच्या वेळची दुनळी साफ करायला आणत. बँकांचे पहारेकरी काडतुसं घेऊन जात. निवडणूक लागली की मात्र दुकान भरून जाई. त्या काळात परवान्याची बंदूक घरी ठेवता येत नाही. कोणी ती पोलीस ठाण्यात जमा करतो, कोणी दुकानात. अशाच एका निवडणुकीच्या वर्षी मार्चमध्ये लोकांच्या एकेचाळीस बंदुका तिच्या काचेच्या कपाटांत उभ्या होत्या.

अशातच एका सकाळी शटरच्या कुलपात तिला पांढरं काहीतरी दिसलं. तिनं केसातली पिन काढून ते खरवडलं, बोटावर घेऊन हुंगलं. साबण. साबणाच्या वडीवर किल्लीचा ठसा घेतात, हे तिनं कुठंतरी ऐकलं होतं. दुसरं कोणी असतं तर घाबरलं असतं. चंद्रमतीला मात्र कोडं पडलं. ठसा घ्यायचा तो किल्लीचा. मग कुलपाच्या भोकात साबण घालून कोणाला काय मिळणार?

दिवसभर तिला दुसरं काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पापनाशमची बस धरली आणि भीमसेनमामांचं घर गाठलं. हे तिच्या आईचे चुलतभाऊ. उभा जन्म त्यांनी बँकांच्या तिजोऱ्या दुरुस्त करण्यात घालवला होता. भाचीचं सगळं ऐकून घेऊन ते एवढंच म्हणाले, "उद्या येतो. मी आलोय हे कोणाला सांगू नकोस."

आले ते थेट दुकानात शिरलेच नाहीत. समोरच्या कॉफीच्या दुकानात बाकावर बसून राहिले. दोन तासांत तीन कॉफ्या झाल्या. मग उठून शेजारच्या रिकाम्या दुकानावरून दोनदा चालत गेले, मागच्या बोळात जाऊन आले आणि मगच आत आले.

"रात्री बंदुका कुठं असतात?" त्यांनी विचारलं.

"इथंच, कपाटात. यांच्या वेळेपासून तशाच."

"कपाटाची किल्ली?"

"टेबलाच्या खणात."

"खणाची?"

चंद्रमतीनं सेतुरामकडं पाहिलं. सेतुराम वरुणरावांच्या वेळेपासूनचा नोकर, साठीच्या घरातला. त्यानं गणपतीच्या तसबिरीकडं पाहिलं. खणाची किल्ली तसबिरीमागं होती.

मामा हसले नाहीत. "आणि तो साबण?"

तेव्हा सेतुराम खाकरला. "अक्का, तो मीच लावला. कुलूप अडत होतं, म्हणून किल्लीला साबण चोळला. तुम्हाला सांगायचं राहून गेलं."

चंद्रमतीला हसू आवरेना. उगाच म्हाताऱ्या माणसाला एवढ्या लांबून आणलं म्हणून ती ओशाळलीही. पण मामा उठायला तयार नव्हते. ते उजवीकडच्या भिंतीपाशी गेले आणि बोटाच्या पेरानं ठोकत ठोकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले.

"साबणाचं सुटलं," ते म्हणाले. "ही भिंत बघ. एका विटेच्या जाडीची आहे. पलीकडचं दुकान सहा महिने रिकामं, त्याच्या मागच्या दाराला एक कडी. चोर तुझ्या शटरला हात कशाला लावेल?"

"मग काय करायचं, मामा? लोखंडी भिंत बांधायची?"

"कुठलीही भिंत फुटते. चोराला वेळ लागला पाहिजे आणि त्या वेळात आवाज झाला पाहिजे. एवढं जमलं की झालं. आणि समज तो आत आलाच, तर त्याच्या हाती अख्खी बंदूक लागता कामा नये."

हे शेवटचं वाक्य चंद्रमतीला फार आवडलं. तिनं वही काढली. पुढचा महिनाभर त्या वहीत प्रश्न वाढत गेले आणि मामा पापनाशमहून येऊन एकेकाचं उत्तर देत राहिले. भिंतीला आतून जाड लोखंडी जाळी बसली. तिला हादरा बसला की कर्णा वाजेल आणि तिचा नि सेतुरामचा फोनही वाजेल, अशी सोय झाली. वीज गेली तरी चालावी म्हणून बॅटरीवर. मागच्या खोलीत जमिनीत बोल्ट ठोकून एक तिजोरी उभी राहिली. दुकान बंद करताना प्रत्येक दुनळीच्या नळ्या लाकडी दस्त्यापासून सोडवायच्या, नळ्या तिजोरीत साखळीला ओवायच्या, दस्ते दुसऱ्या कपाटात कुलपात ठेवायचे, काडतुसं तिसरीकडं. किल्ल्या तिच्याबरोबर घरी. प्रत्येक बंदुकीवरच्या नंबराची यादी दोन प्रतींत, त्यांतली एक घरी. काचेची कपाटं रोज संध्याकाळी उघडीच ठेवायची, म्हणजे ती रिकामी आहेत हे कोणालाही दिसेल.

सेतुराम पहिले आठ दिवस कुरकुरला. रोज एकेचाळीस बंदुका सोडवायच्या आणि सकाळी पुन्हा मोजायच्या म्हणजे काम वाढलंच. नवव्या दिवशी कोणती बंदूक किती सेकंदांत सुटते हे तोच चंद्रमतीला सांगू लागला.

एप्रिलमध्ये तमिळ नववर्षाच्या सुट्टीत भिंत फुटली. फोन वाजले, पोलीस धावले, चोर मागच्या बोळातून पळाले. चंद्रमतीला पोलिसांनी आत सोडलं ते चांगलं उजाडल्यावर. शेजारच्या दुकानात विटांचा ढीग, एक पहार आणि अर्धी प्यालेली पाण्याची बाटली पडली होती. भिंतीला सुपाएवढं भोक होतं. जाळी एका कोपऱ्यात वाकली होती, तुटली नव्हती.

इन्स्पेक्टर नटराज यांनी विचारलं, "सगळ्या आहेत का, हे कळायला किती वेळ लागेल?"

"वीस मिनिटं," ती म्हणाली. सेतुरामनं नंबर वाचले, तिनं घरून आणलेल्या यादीवर खुणा केल्या. अठराव्या मिनिटाला एकेचाळीसही हजर होत्या. ती खुर्चीत बसली आणि सेतुरामनं आणलेली कॉफी गार होईपर्यंत तशीच धरून बसली. यांतली एक जरी बाहेर गेली असती, तर ती कोणावर रोखली गेली असती, हा विचार तिला तेव्हा पहिल्यांदा आला.

मग ती उठली, पलीकडच्या दुकानात गेली आणि विटांवर गुडघे टेकून त्या भोकातून आपलं दुकान बघू लागली. इन्स्पेक्टर चकित झाले. "काय बघताय, अम्मा?"

"त्याला काय दिसलं ते."

तीन आठवड्यांनी दोघं पकडले गेले. त्यांतल्या एकाला ओळखायला तिला ठाण्यात बोलावलं. तिशीचा, सडपातळ माणूस होता. तिनं त्याला कधी पाहिलेलं नव्हतं आणि तिनं तसं सांगितलं. जाताना मात्र ती थांबली. "याला एक विचारू का?" इन्स्पेक्टरांनी मान डोलावली.

"भिंत पातळ आहे हे तुला कसं कळलं?"

तो जमिनीकडं बघत म्हणाला, "दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या दुकानाला रंग मी दिला होता, अम्मा. पाच दिवस तिथं होतो. तुमच्याकडचं सगळं ऐकू यायचं. बंदुका कपाटात ठेवल्या का, किल्ली तसबिरीमागं ठेवली का, हे तुम्ही रोज म्हाताऱ्याला विचारायचात आणि तो रोज सांगायचा."

चंद्रमती बसनं थेट पापनाशमला गेली. मामा ओसरीवर पेपर वाचत होते. तिनं घडलेलं सांगितलं. मामांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"चाळीस वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नाही," ते म्हणाले. "भिंतीला मी कान लावतो. पलीकडचाही लावत असेल, हे कधी मनात आलं नाही."

"मग आता काय करायचं?"

"वही आणलीस का?"

तिनं पिशवीतून वही काढली आणि त्यांच्याजवळ पायरीवर बसली.