ओल्या लुगड्याच्या चुण्या

गोंदियाला लागूनच असलेल्या मुर्री गावात ललिता रामटेकेच्या अंगणात बाराही महिने एखादा तरी बुद्ध ओल्या पोत्यांत गुंडाळून उभा असतो. सिमेंटला पाणी पाजावं लागतं, नाहीतर त्याला भेगा पडतात. सकाळी चहाच्या आधी ती मूर्तीवर पाणी मारते, मग चूल पेटवते.

हे काम ती कुठे शिकली नव्हती. नवरा खेमराज गवंडी. लग्नानंतर ती त्याच्या हाताखाली माल कालवून द्यायची. एकदा एका विहाराची मूर्ती करताना खेमराजला चेहरा काही जमेना. तीन वेळा खरवडून काढला. चौथ्या वेळी ललिताने चमच्याचं मागचं टोक घेतलं आणि पापण्या हळूच खाली ओढल्या. खेमराज थापी तिच्या हातात देऊन बाजूला झाला. तेव्हापासून सळया वाकवणं, जाळी बांधणं त्याचं, आणि पुढचं सगळं तिचं. पंधरा वर्षांत आजूबाजूच्या कितीतरी विहारांत तिचे बुद्ध बसले.

एका दुपारी रस्त्याने जाणारी एक जुनी स्कूटर त्यांच्या फाटकाशी थांबली. उतरले ते परसराम बिसेन, नागऱ्याला राहणारे, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. पोतं काढून ठेवलेली मूर्ती कोणी केली म्हणून त्यांनी विचारलं. खेमराजने बायकोकडे बोट दाखवलं. सरांनी मूर्तीभोवती एक फेरी मारली.

“चेहरा फार शांत आहे,” ते म्हणाले. “पण अंगावर चीवर नाही, पत्रा आहे. नागऱ्याला ये, दाखवतो.”

एवढं बोलून ते निघून गेले. ललिताला राग आला. लोक हात जोडतात त्या मूर्तीला हा माणूस पत्रा म्हणतो! दोन दिवस ती कामात मन गुंतवत राहिली. तिसऱ्या दिवशी पोतं काढताना तिची नजर पुन्हा चीवरावर गेली. थापीच्या कडेने सारख्या अंतरावर ओढलेल्या रेघा. त्या भिंतीवर ओढल्या असत्या तरी अशाच दिसल्या असत्या. रविवारी तिने खेमराजला गाडी काढायला सांगितली.

सरांनी पलंगाखालून चादरीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं. गुडघ्याएवढी उंच, प्लास्टरची उभी बाई. डोकं नाही, दोन्ही हात खांद्यापासून तुटलेले. ग्रीसमधल्या फार जुन्या दगडी मूर्तीची ती नक्कल होती. नागपूरला कलाशिक्षण घेताना एका वर्गातून ती टाकून देत होते, तेव्हा सरांनी मागून घेतली आणि बसमध्ये मांडीवर धरून आणली. पुढे शाळेत तिचं चित्र काढायला कोणाला वेळ नव्हता. चाळीस वर्षं ती पलंगाखाली होती.

सरांनी सांगितलं की ग्रीक आणि रोमन कारागिरांनी दगडाचं कापड करून दाखवलं, आणि तो हात पुढे गांधारपर्यंत पोचला. तिथल्या शिल्पकारांनी बुद्धाला जे चीवर नेसवलं त्याच्या चुण्या याच घराण्याच्या आहेत. “म्हणजे ही तुझ्या कामाची लांबची मावशी समज,” ते म्हणाले. “कापड कुठे धरलं आहे ते आधी शोध. खांद्यावर धरलं, गुडघ्यावर टेकलं. मधलं सगळं लोंबतं. लोंबणं आलं की कापड आलं.”

निघताना त्यांनी ती बाई पुन्हा चादरीत गुंडाळली आणि ललिताच्या मांडीवर ठेवली. ती नको नको म्हणत राहिली. सर म्हणाले, माझ्याकडे ती झोपून आहे, तुझ्याकडे उभी राहील.

पुढचे दिवस सोपे नव्हते. ललिताने चुण्या करायला घेतल्या तर त्या आतड्यांसारख्या दिसायच्या. सरांनी मूर्तीचं काम थांबवायला लावलं आणि खिळ्यावर टांगलेल्या टॉवेलची एकच चुणी रोज कागदावर काढायला सांगितली. तीन महिने ती टॉवेल काढत राहिली. शेजारणी विचारायच्या, काऊन वो, टॉवेलचं का करून राहिली? ती पेन्सिल थांबवायची नाही.

उत्तर मिळालं बिरसीच्या बांधीत, भाताच्या खाचरात. तिची सासू सावित्रीबाई सत्तरीतही रोवणीला, रोपं लावायला, जायची. घरी बसवलं की आजारी पडायची. ललिता एका दुपारी डबा घेऊन गेली. सावित्रीबाई हातात धानाच्या रोपांची जुडी घेऊन चिखलातून बांधावर चढत होती. भिजलेलं लुगडं मांडीला चिकटलं होतं, गुडघ्याशी ताणलं होतं आणि दोन पायांच्या मध्ये ओझ्याने खाली लोंबत होतं. ललिता डबा धरून तशीच उभी राहिली. घरातल्या खिडकीत ठेवलेली ती प्लास्टरची बाईच जणू तिच्या समोरून चिखल तुडवत येत होती.

दुसऱ्या दिवशी तिने सासूला अंगणात उभं केलं आणि अंगावर बादलीभर पाणी ओतलं. सावित्रीबाई म्हणाली, “अवो, मले कायले भिजवून राहिली? मायं वय का पुतळा बनवाचं आहे?” पण उभी राहिली. आठ दिवस, रोज सकाळी, जुडी हातात घेऊन.  पाय दुखले की मध्येच, झालं का, एवढंच विचारायची.

दीड महिन्यात पूर्ण उंचीची मूर्ती तयार झाली: चिखलातून वर येणारी म्हातारी, ओलं लुगडं, हातात रोपं. सरांनी फोटो काढून नागपूरच्या एका प्रदर्शनाला पाठवले. मूर्ती निवडली गेली. खेमराजने टेम्पोत धानाच्या पेंढ्याचं जाड तणस अंथरलं, दोर बांधले. तरी वाटेत एका खड्ड्याने घात केला. नागपूरला पोचून ताडपत्री काढली तेव्हा उजवा हात कोपरापासून तुटून तणसात पडला होता, मुठीतल्या जुडीसकट.

ललिता टेम्पोच्या फळीवर बसून राहिली. प्रदर्शनातली माणसं म्हणाली की असं तर जास्तच चांगलं दिसतं, अगदी प्राचीन. खेमराजने सरांना फोन लावला. सरही तेच म्हणाले: आपल्या त्या बाईला डोकं नाही, हात नाहीत, तरी जग पाहतंच आहे ना? राहू दे तशीच.

ललिताने मूर्तीकडे पाहिलं. खरंच ती तुटकीही देखणी दिसत होती. पण तिने फोन घेतला.

“सर, त्या बाईचे हात काळानं नेले. आमच्या आईचे हात अजून आहेत. त्याच हातांवर आमचं घर जेवलं.”

 मग सरांनी विचारलं, “सिमेंट आणलंस का सोबत?”

“आणलं.”

“मग जोड. घाई करू नको.”

व्हरांड्यात बसून नवराबायकोने तार गुंफली, सांधा भरला. उद्घाटनाला कोपरावर ओलं फडकं बांधलेलंच होतं. लोक फडक्यासकट मूर्ती पाहत राहिले. काही जण शेजारच्या पाटीवरची ओळ वाचून परत मूर्तीकडे वळत. तिथे ललिताने लिहवून घेतलं होतं: सावित्रीबाई रामटेके, रोवणी करणारी.

तिसऱ्या दिवशी खेमराज आईला घेऊन आला. सावित्रीबाई चप्पल दाराशी काढून आत शिरली. स्वतःसमोर उभी राहिली, पदर सारखा केला. पायांवरून, लुगड्याच्या काठावरून हात फिरवला. मग कोपराजवळ थांबली.

“हे का झालं?”

ललिताने सगळं सांगितलं. सर काय म्हणाले तेही आणि आपण का जोडला तेही.  सावित्रीबाईने सुनेचा सिमेंटने उललेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि परतीच्या गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.

आता ललिताकडे मूर्ती घडवून घ्यायला दूरदूरच्या गावांतून लोक येतात. बिरसीच्या नव्या विहारातल्या बुद्धाचं चीवर पाहून लोक त्याला हात लावून बघतात, कापड आहे की काय म्हणून. कोणी विचारलं, हे कुठून शिकल्या, तर ती तीन नावं घेते: सासूचं, नवऱ्याचं आणि बिसेन सरांचं. मग हसून सांगते की एक ग्रीसची बाईही आहे, पण तिचं नाव कोणालाच माहीत नाही.

बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटण्याआधी ललिता एक डबा नागऱ्याला घेऊन जाते. सरांना साखरेचा आजार आहे. त्यांची सून रागावते. ते दोन चमचे खातात, उरलेली खीर नातवंडांना देतात आणि डबा स्वतःच्या हाताने धुऊन परत करतात. ललिता तो धुतलेला डबा पदराने पुसते आणि दरवर्षी तेच सांगते, सर, तुम्ही त्या दिवशी थांबले नसते तर मी आजही रेघाच ओढत राहिली असती. सर दरवर्षी विषय बदलतात आणि नवीन काय करून राहिली ते विचारतात.