लादीचं सीलर

मानपाड्याच्या आमच्या घरात नवी लादी बसली आणि आई कायमची राहायला यायची होती. सांध्यांत हळद-तेल मुरू नये म्हणून सीलर लावायचं होतं. दुकानदाराने दोन नमुने दिले. एक सांध्यांत मुरणारं, दुसरं लादीवर चकचकीत थर धरणारं.

"अगं, चकचकीतच घे, घर उजळेल," नवरा म्हणाला.

मला चैन पडेना. मोहन्याच्या घरात आई ओल्या लादीवरच पडली होती. मी दोन्ही नमुने बाल्कनीत लावले, वाळल्यावर पाणी ओतलं आणि अनवाणी फिरत राहिले. चकचकीत थरावर पाय सरकला, तेव्हा मुरणारंच घेतलं.

आई आली ती दारातच थबकली. "नवी लादी घसरते गं," म्हणत तिने माझा दंड घट्ट धरला. स्वयंपाकघरापर्यंत पोचल्यावर तिने तो सोडला. मी मात्र तिच्या पावलांकडेच बघत राहिले.