बिशपांची वंशावळ

बिशपांना मुलं नसतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि कामाच्या धबडग्यात ते वेळेवर आठवणं वेगळं. पन्नाशी उलटली की या दोहोंतलं अंतर वाढत जातं आणि माझं त्या वर्षी फारच वाढलं होतं.

इथे परदेशात, शहराच्या पाया लेबार भागात आमच्या कंपनीचं ऑफिस आहे. आम्ही शाळांसाठी सॉफ्टवेअर करतो. तेव्हा इतिहासाचं काम चालू होतं: पडद्यावरच्या राजावर बोट ठेवलं की त्याचा बाप वर दिसावा, मुलगा खाली दिसावा आणि रेघ ओढली जावी. नियम मीच घातला होता. बापाचं नाव भरल्याशिवाय राजाची नोंद पुढे सरकायची नाही. राजघराण्यांना तो चपखल बसला. मग आमची गाडी जर्मन मुलखातल्या नदीकाठच्या एका छोट्या राज्यापाशी आली. तिथे मध्ययुगात बिशपच राजे होते. सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालवायची, दुपारी न्यायनिवाडा करायचा, जकात बसवायची, वेळ आली तर फौजही बाहेर काढायची. आमच्या टीममधल्या एका हुशार माणसाला बापाचा रकाना रिकामा दिसला, प्रोग्रॅम अडून बसला, म्हणून त्याने प्रत्येक बिशपाचा बाप म्हणून आधीच्या बिशपाचं नाव टाकलं. प्रोग्रॅम खूश झाला. मी वरवर पाहिलं आणि पुढे पाठवून दिलं.

शाळांच्या बाजूने तपासायला एक निवृत्त इतिहास-शिक्षिका होत्या. इथल्याच, दर रविवारी नेमाने चर्चला जाणाऱ्या. व्हिडिओ मीटिंगमध्ये त्यांनी तो वंशवृक्ष पाहिला. कित्येक पिढ्या बिशपाच्या पोटी बिशप, मध्ये एकही खंड नाही. त्या चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. "बट दे कॅनॉट मॅरी, लाह!" म्हणाल्या. आमचे साहेब मात्र हसले नाहीत. सगळं दुरुस्त करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पाया लेबार ते आमच्या घराजवळचं क्वीन्सटाउन एकच सरळ मेट्रो गाडी आहे, बदलावी लागत नाही. त्या गाडीत उभ्या उभ्या मी ते बिशप वाचू लागलो. कामापुरतंच वाचणार होतो, पण मन रमलं. गादी मुलाकडे जाऊ शकत नाही म्हटल्यावर ती जाते कशी, हा प्रश्न मला घरच्यासारखा वाटायला लागला. कॅथेड्रलच्या मानकऱ्यांचं एक मंडळ असायचं, ते निवड करायचं. मंडळात दोन गट तर ठरलेलेच. यांचा माणूस त्यांना नको, त्यांचा यांना नको. मग पुष्कळदा तिसराच कोणीतरी म्हातारा, खोकणारा, निरुपद्रवी माणूस निवडायचे. हा काय, फार तर दोन हिवाळे काढेल, तोवर आपण आपली जुळवाजुळव करू असा हिशेब. निवडण्याआधी त्याच्याकडून अटी कबूल करून घ्यायच्या. आणि तो म्हातारा कधी कधी गादीवर बसल्याबरोबर टुणटुणीत व्हायचा आणि निवडणाऱ्यांनाच पोचवून मग जायचा.

हे वाचताना मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. कारण माझी निवड अशीच झाली होती.

आमचा इथे शे-दीडशे मराठी कुटुंबांचा गणपती असतो. हॉल भाड्याने घ्यायचा, पाच दिवस बसवायचा, शेवटच्या दिवशी मोठ्या टबात विसर्जन. दहा-अकरा वर्षांपूर्वी अध्यक्ष कोण यावरून खडाजंगी झाली. एकीकडे बँकांमधले जुने लोक, कॉन्डोत म्हणजे महागड्या खासगी सोसायट्यांत राहणारे, कधीच पीआर म्हणजे इथले कायमचे रहिवासी झालेले. दुसरीकडे नोकरी असेपर्यंतच चालणाऱ्या पासवर आलेली आयटीची नवी मंडळी. मी दोन्हींकडे थोडा थोडा होतो आणि मुख्य म्हणजे मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की आम्ही पुढच्या वर्षी पुण्याला परत जाणार. हे इथे सगळेच सांगतात, पण माझ्यावर लोकांनी विश्वास ठेवला. एक पाय विमानतळावर असलेला माणूस कोणाला जड होणार? एकमताने मला बसवलं. त्याच वर्षी नेहमीचे गुरुजी ऐन वेळी येऊ शकले नाहीत. वडिलांनी मला लहानपणी पूजा सांगायला शिकवलं होतं. मी सोवळं नेसून बसलो, पूजा सांगितली आणि तिथून जो अडकलो तो अडकलोच.

तेव्हापासून पूजाही माझी आणि राज्यही माझं. सकाळी पळी-पंचपात्र, संध्याकाळी हॉलच्या किल्ल्या. प्राणप्रतिष्ठेचे मंत्र म्हणता म्हणता एसीवाला आला की नाही हे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहायचं. आरतीचा पहिला मान कोणाला, मुलांच्या नाचाला किती वेळ, मोदक कमी का पडले, सगळे रुसवे माझ्याकडे. गुरुजी म्हणून लोक पाया पडायचे आणि तेच लोक अध्यक्ष म्हणून झाडायचे, कधी कधी त्याच मिनिटाला. पहिली दोन वर्षं मला हे आवडलं, खोटं कशाला बोलू. पुढची सगळी नुसती ओढली. श्रावण लागला की मी कॅलेंडरकडे बघणं टाळायचो. देवाच्या सणाचा असा कंटाळा यावा याची लाज वाटायची आणि त्या लाजेचाही शेवटी कंटाळा आला.

या सगळ्यात बायकोचं माहेर राहून गेलं. ती एकुलती एक. कऱ्हाडला तिच्या वडिलांकडे घरचा गणपती असतो. आम्ही डिसेंबरात जायचो, आमच्या मुलीच्या शाळेच्या सुट्टीत, पण गणपतीला इतक्या वर्षांत एकदाही नाही. मी इथे पूजेला बसणार म्हटल्यावर ती तरी कशी जाणार? दीडशे घरांचा स्वयंपाक तिच्या देखरेखीखाली. सासरे फोनवर कधी तक्रार करत नसत. "रजा मिळत नसेल," एवढंच म्हणायचे. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांची नजर गेली. माणसं आवाजावरून ओळखायचे. मग त्या वर्षी एकदा फोनवर त्यांनी हिलाच आपली बहीण समजून बराच वेळ गप्पा मारल्या. हिने दुरुस्त केलं नाही. फोन ठेवला आणि मला म्हणाली, "यंदा गणपतीला मी बाबांजवळ असणार. पुढच्या वर्षी मी त्यांना कळेन की नाही सांगता येत नाही."

मी लगेच हो म्हणालो. तिकिटं काढली आणि समितीला सांगितलं, यंदा मी नाही.

वारस मी शोधून ठेवला होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला, पुंगोलला राहणारी एक मुलगी, म्हणजे माझ्या दृष्टीने मुलगी, तशी तीन वर्षांच्या पोराची आई आणि चांगली इंजिनिअर. तिला पूजा शिकायची होती. कित्येक महिने शनिवारी सकाळी ती आमच्याकडे यायची. पोरगं मांडीवर बसून दूर्वा खायचं आणि ही स्वच्छ, खणखणीत आवाजात एकेक मंत्र म्हणायची. मी वर्षानुवर्षं घाईत जे गाळत आलो होतो ते सगळं तिने परत आणलं. "काका, हे का सोडलंत?" असं विचारायची आणि मी एसीवाल्यावर ढकलायचो. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

समितीने कुरकुर करून तिला मान्यता दिली. वय लहान, अनुभव नाही, वगैरे. बाईने प्राणप्रतिष्ठा करावी का, असं एकाने हळूच विचारून पाहिलं, तेव्हा त्याच्याच बायकोने त्याला गप्प केलं. मग अटी आल्या. आरतीची वेळ बदलायची नाही. जुन्या लोकांचा मान काढायचा नाही. सिनेमाची गाणी चालणार नाहीत, असं जुने म्हणाले, आणि चालली पाहिजेत, असं नवे म्हणाले. तिने हसत हसत सगळंच कबूल केलं. मी कोपऱ्यात बसून मनात म्हटलं, बाई गं, हे मी नुकतंच वाचलंय.

गणपतीला महिना उरला असताना तिचा फोन आला. मागे एलआरटीच्या, त्यांच्याकडच्या छोट्या लोकलच्या, दरवाजांचा आवाज येत होता.

"काका, माझी टीमच बंद केली. नवऱ्याला कंपनीने आधीच पुण्याला परत बोलावलंय, मी माझ्या पासवर मागे राहिले होते. आता तो पासही गेला." मग म्हणाली, "काका, सॉरी हं. तुमचं कऱ्हाड..."

तिचं घर उठत होतं आणि ती माझ्या कऱ्हाडची काळजी करत होती. "तुम्ही दिलेली पूजेची पोथी आणून देऊ का परत?" तिने विचारलं. मी म्हटलं, "ठेव तुझ्याकडे. पुण्यातही गणपती असतात."

पुढच्या शनिवारी दुपारी समिती आमच्या घरी आली. जुने तिघे सोफ्यावर, नवे तिघे डायनिंगच्या खुर्च्यांवर. इतक्या वर्षांत या सहा जणांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं होतं आणि ती गोष्ट मी होतो.

"काका, एवढं एकच वर्ष," नव्यांतला एक म्हणाला.

"तिकिटं पुढे ढकलता येतात हो," बँकेतले एक निवृत्त गृहस्थ म्हणाले. "दिवाळीला जा ना निवांत. आम्ही कुठे नाही म्हणतोय?"

"तुमच्याशिवाय कोणाला जमणार?" तिसरे म्हणाले. हे वाक्य मी दर वर्षी ऐकतो. दर वर्षी ते माझ्या पाठीवर हात ठेवून मला खाली बसवतं.

तेव्हा मला त्यांचं सगळं कळत होतं. माझ्यावर फार जीव होता अशातला भाग नाही. मी नसलो तर दुसऱ्या गटाचा कोणीतरी बसेल ही भीती होती. मला कळत होतं, राग येत होता, आणि तरी नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती. नाही म्हणायची सवयच गेली होती. दमलेल्या माणसाला हो म्हणणं सोपं जातं, निदान वाद तरी थांबतो. "बघू या," मी म्हणालो. सगळ्यांचे चेहरे सैल झाले. माझं बघू या म्हणजे हो, हे त्यांना ठाऊक होतं. दोघे तर उठायलाही लागले.

बायको स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे टेबलावर ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "मला माहेरी जायचंय."

आवाज चढवला नाही, काही समजावलं नाही. वडिलांच्या डोळ्यांचं, विसराळूपणाचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली आणि कप वाटायला लागली. सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी चहाकडे बघत राहिलो.

"पण मग वहिनी, पूजेचं?" निवृत्त गृहस्थांनी विचारलं.

"ते तुम्ही बघा," ती म्हणाली. "साखर कमी वाटली तर सांगा."

चहा संपला. मंडळी गेली. दारात चपला घालताना एकाने "मग गणपती बसणार तरी कसा?" असं मला नव्हे, भिंतीला विचारलं. तो बसला, हे इथेच सांगून टाकतो. त्या निवृत्त गृहस्थांनी आणि नव्यांतल्या एकाने मिळून फोनवर बघून बघून पूजा केली. पुष्कळ चुकले म्हणे. एकमेकांवर खेकसलेही. कोणाचं काही अडलं नाही. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, तेवढं वाटलं नाही, हेही खरंच आहे.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं. खाली ब्लॉकसमोर मुलं सायकली फिरवत होती. बायको कप विसळून बाहेर आली, बाल्कनीच्या दाराशी उभी राहिली आणि तिने कऱ्हाडला फोन लावला. स्पीकरवर टाकला, कारण त्यांना अलीकडे ऐकूही कमी येतं, म्हणून ती ओरडते आणि मग दोघंही ओरडतात.

"बाबा, गणपतीला येतेय मी."

"कोण?"

तिने स्वतःचं नाव सांगितलं. पुन्हा सांगितलं.

"तू होय," ते म्हणाले. "रजा मिळाली?"

"मिळाली."

"जावई?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं. माझ्या लक्षात आलं की मघाशी सगळ्यांसमोर मी एक अक्षर बोललो नव्हतो, आणि मी येणार की नाही हे तिला खरोखरच माहीत नव्हतं. मी आलो तरी आणि नाही आलो तरी, तिची स्वतःची जायची तयारी होती. "विचारून सांगते, बाबा," ती म्हणाली.

मी उठलो आणि फोन तिच्या हातातून घेतला. "बाबा, मीही येतोय."

"तुम्ही येताय? मग तिकडची पूजा? तिकडे कोण आहे?"

"कोणी नाही," मी म्हणालो. माझा आवाज इतका विचित्र निघाला की बायकोने चटकन माझ्या दंडाला धरलं.

जन्मभर ज्याने आपल्या घरचा गणपती एक वर्ष चुकवला नाही, तो आता मला काय म्हणणार म्हणून मी वाट बघत उभा राहिलो.

"असू दे," ते म्हणाले. "या तुम्ही."