डाव्या तळव्यावरचे डाग

अर्धापूर ठाण्यातले ते प्रकरण आठवले, की इतक्या वर्षांनीही माझ्या अंगावर काटा येतो. नोकरीत नाही नाही ते पाहिले, पण त्या दुपारी पाहिले तसे पुन्हा कधी पाहिले नाही.

खबर नांदेडच्या एका डॉक्टरीणबाईंनी दिली. मधुमेहाने पायांच्या नसा मेल्या, की काही रुग्णांच्या हृदयाचे ठोकेही बिघडतात. अशा मेलेल्या नसांवरच्या नव्या गोळीची चाचणी त्यांच्याकडे चालू होती. चाचणीतल्या एका म्हाताऱ्या शिंप्याच्या तळव्यावर दर तपासणीला भाजल्याचे नवे डाग दिसत. विचारले की तो म्हणे, रस्ता तापलेला होता.

"त्यांच्या पायाला काही कळत नाही, साहेब. झोपेत कोणी चटके दिले तरी समजणार नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा संशय घरच्यांवर होता.

मी स्टेशन डायरीला नोंद करून शिंप्याच्या मुलाला बोलावले. बापाला काही न सांगता तो आला, मागोमाग त्याची बायकोही आली.

"मी दिवसभर दुकानात असतो. घरात हीच असती," मुलगा म्हणाला. "अब्बांचं सगळं हिलाच करावं लागतं. चिडती कधी कधी."

"म्हणजे बायकोने केले?"

"दुसरं कोण करंल, साहेब?"

सून दारातच उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. खोटा आव आणणारा माणूस आधी पोलिसाकडे बघतो, त्याला पटले का ते. ही माझ्याकडे बघेचना. नवऱ्याकडे बघत एवढेच म्हणाली, "मी? अब्बांना?"

तो माणूस सरळ आपल्या बायकोला आत घालायला निघाला होता. मी चाट पडलो.

जबाब लिहून घेण्याआधी बाईंनी पाठवलेले फोटो पुन्हा पाहिले. डाग टोकदार, आणि सगळे डाव्याच पायाला. झोपलेल्याला चटके देणारा पाय निवडत बसत नाही. दोघांना ठाण्यात थांबवून मी एका शिपायाला घेतले आणि त्यांचे घर गाठले.

म्हातारा शिलाई मशीनशेजारी बसला होता. डावा पाय उजव्या मांडीवर, हातात गरम इस्त्री. माझ्या डोळ्यांदेखत त्याने इस्त्रीचे टोक तळव्याला लावले आणि डोळे मिटून वाट बघत राहिला. कातडी जळल्याचा वास आला. त्याच्या तोंडावरची रेघही हलली नाही. मी ओरडत जाऊन इस्त्री हिसकावली.

"चाचा, हे काय करून राहिले तुम्ही?"

"माझी गोळी खरी हाय का, ते बघून राहिलो," तो शांतपणे म्हणाला. "बाईंनी सांगितलं हुतं, अर्ध्या लोकान्ला खरी गोळी, अर्ध्यान्ला नुसती रिकामी. कोणाला कोणती, त्यान्लाबी ठाऊक न्हाई. चटका कळला तर माझी खरी. मग मशीनबी चालवता येईल."

"बाईंना का नाही सांगितले?"

"नाव कमी केलं असतं ना, साहेब."

सून ठाण्यात आहे म्हटल्यावर मात्र तो हादरला. "माझी बेटी? रोज मलम लावती हो ती मला!" उभे राहताना त्याचा तोल गेला, शिपायाने सावरले.

ठाण्यात येऊन त्याने सर्वांदेखत सगळे सांगितले. गुन्हा नव्हताच. मी बाईंना फोन करून खरे काय ते कळवले, कागद बंद केला. संशय खोटा ठरला की प्रकरण मिटले, असे आमच्या खात्यात धरतात. मीही तोवर तसेच धरत होतो.

"जा बेटा, घरी जा," मी सुनेला म्हणालो. तिने सासऱ्याचा हात खांद्यावर घेतला. दुसऱ्या बाजूने नवरा धरायला आला.

"तुमी दुकान उघडा," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "अब्बांना मी नेते. आज नेते, उद्याचं उद्या बघंन."