आंबिवलीजवळच्या गुरुद्वाऱ्याची जागा

आमची पोस्टिंग पहाडात, एका छोट्या सिग्नल डिटॅचमेंटवर होती. तिघे आम्ही ठाणे जिल्ह्यातले. मी ठाकुर्लीचा. नायक गुरमेल सिंग आणि लान्स नायक जनार्दन आंबिवलीजवळच्या एकाच गावचे. सकाळी पीटी, मग बॅटऱ्या चार्ज करायच्या, लाइन तपासायची, पाळीपाळीनं वायरलेस सेटवर बसायचं. आपसात मराठी बोलायचो म्हणून बाकीचे वैतागायचे.

गावच्या गुरुद्वाऱ्याची गोष्ट मला गुरमेलनंच सांगितली. कंपनीत कामाला आलेल्या चार शीख घरांनी जनार्दनच्या वडिलांच्या शेताच्या कडेला, उंचवट्यावर, पत्र्याची शेड टाकलेली. भाडं नव्हतं, हक्कही नव्हता. मग एका पुरात गाव बुडालं. पाणी उतरेपर्यंत अख्खं आगरी गाव त्या शेडमध्ये जेवलं. जनार्दनचे वडील पंगतीतून उठले आणि म्हणाले, "ही जागा आता तुमची." कागद कोणी केला नाही. तेव्हा गावात शब्द चालायचा.

एका दुपारी चहा पिताना गुरमेल जनार्दनला म्हणाला, "काका गेल्यावर तू आमची शेड उठवशील."

"येडा हायस काय? बापाचा शब्द तो माझा शब्द."

"रीड बॅक."

सिग्नलमध्ये मेसेज नुसता ऐकून चालत नाही. घेणाऱ्यानं तो परत म्हणून दाखवायचा, तेव्हाच तो पोचला असं धरतात. जनार्दननं उठून सॅल्यूट ठोकला. "जागा गुरुद्वाऱ्याची. माझा शब्द. ओव्हर." आम्ही खूप हसलो.

पुढच्याच आठवड्यात पावसात लाइन तुटली. जनार्दन जोडायला नाल्यात उतरला आणि दरड आली. त्याचा पाय दगडाखाली अडकला. गुरमेल सेट घेऊन खाली गेला. मी वर कंट्रोलवर होतो.

"कंट्रोल, जनार्दन ठीक है. पैर निकाल लिया. ऊपर भेज रहा हूं. रीड बॅक."

"जनार्दन ठीक है, ऊपर आ रहा है. तू भी निकल. ओव्हर."

उत्तर आलं नाही. दुसरी दरड मला दिसली नाही, फक्त ऐकू आली. मी हाका मारत राहिलो. शेवटी साहेबांनी माझ्या हातातून हँडसेट काढून घेतला. जनार्दन लंगडत वर आला. गुरमेलला आम्ही दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं.

पुढे त्या गावात बिल्डरांचे टॉवर उठू लागले. वडील गेल्यावर जनार्दननं शेत बिल्डरला दिलं, शेडसकट. गुरमेलच्या वडिलांनी, बाऊजींनी, मला बोलावून घेतलं. शेडमध्ये दोन्हीकडची माणसं बसलेली. जनार्दन अगदी शांतपणे म्हणाला, "बाबांनी नुसती शेड टाकू दिलेली. जागा कधी दिली? लिवून हाय काय?"

माझं डोकं फिरलं. "जन्या, पोस्टवर काय बोललेलास? रीड बॅक."

"अरे, ती मस्करी होती रे."

मी उठलोच. दोन ठेवून देणार होतो. बाऊजींनी माझा हात धरला.

"बस, बेटा. लंगर तयार आहे. त्यालाही वाढ."

"बाऊजी, हा खोटं बोलतोय."

"याला गुरमेलनं बाहेर काढलं. हाच वाईट निघाला, तर माझा पोरगा कशासाठी गेला, ते सांग मला."

मी जनार्दनला वाढलं. त्यानं मान खाली घालून रोटी खाल्ली आणि आठवड्यानं शेड पाडून घेतली. समोरच्या शत्रूनं केलं असतं तर इतकं लागलं नसतं. हा माझ्या ताटात जेवलेला माणूस. बाऊजी ग्रंथसाहिब डोक्यावर घेऊन अनवाणी घरी गेले. मी मागून चवरी ढाळत चाललो.

जनार्दनचा आता तिथल्याच टॉवरमध्ये फ्लॅट आहे. खाली गाडी आहे. थंडीत तेवढा पाय दुखतो म्हणे.

गुरमेल, तुझा शेवटचा मेसेज मी रीड बॅक केलेला. तो अजून खरा आहे. जनार्दन ठीक है.