एका अंगाची गोणी

लहान मुलांसाठीच्या माझ्या चित्रपुस्तकाची नवी आवृत्ती निघणार म्हणून जुनी चित्रं पुन्हा गिरवायला बसलो. काळ्या शाईची बाटली उघडली आणि त्या उग्र वासासरशी साखरा गावाजवळच्या बंजारा तांड्यावरची एक दुपार आठवली.

परीचं सामान बैलावर लादून राक्षस पळतोय, असं चित्र मी तिथल्या शाळेच्या ओट्यावर काढत होतो. हसू यावं म्हणून राक्षसाच्या मिशांची वेणी घातली होती. भोवतीची पोरं गप्प बघत होती. एक म्हातारी मात्र वाकून पाहत पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"मिशी आवडली का, आजी?"

"मिशी ऱ्हाऊ द्या. गोणी एकाच अंगाला काहून लादली? बैल चार पावलांत आडवा व्हईल. आमच्या आज्यानं जलमभर बैलावर मीठ वाहिलं, पण असं कवा लादलं न्हाई."

आता पोरंही खदखदून हसली. मी ओशाळलो, पण चित्र खोडलं नाही. पुढच्या पानावर बैल आडवा पाडला आणि राक्षस त्याच्याखाली.

लेकरं अजून त्याच पानावर हसतात. हे कसं सुचलं, असं कुणी विचारलं की मी आजवर माझ्या निरीक्षणाबद्दल बोलत आलोय.