नातीच्या ड्रेसवरचा पट्टा

गाव सोडलं तवा माय यष्टीच्या खिडकीशी आली अन् म्हणाली, "तुह्ये पोट्टे शाळेत गेले पाह्यजेत, अन् धड कपड्यात गेले पाह्यजेत." बापानं खांद्यावरचा दुपट्टा माह्या हातात देल्ला अन् तोंड फिरवलं.

मायचं बोलणं उगाच नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलो, थेही मोठ्या भावाच्या सदऱ्यात. मास्तर कपडे पाहून जागा देत. माही जागा दारात, चपलांपाशी. गावात राह्यलेल्यांनो, तुमाले आठवत असंनच.

म्हणून रायपूरले आलो, भनपुरीच्या कारखान्यात लागलो अन् पोराले पयल्यांदा युनिफार्म चढवला, तवा माही छाती फुगली. प्रार्थनेच्या रांगेत सायबाचा कोणता अन् मजुराचा कोणता, वळखू येईना. माही बायको सुमन वाढत्या अंगाचा ड्रेस शिवे. खाली चांगला कपडा मुडपून ठेवे. पोट्टा वाढला का मुडप उसवायची. मोठ्याचा झाला का लहान्याले. युनिफार्माचा फायदा मले कोणी शिकवू नये. मी त्याच्याच बाजूचा आहो.

पण आता काय करून राहिले हे शाळेवाले लोक? सोमवारचा ड्रेस वेगळा, बुधवारचा पांढरा, खेळाचा अजून तिसरा. मोज्यावरही शाळेचं निशाण. अन् सारं त्याईच्याच दुकानातून घ्या! वरून मधातच रंग बदलतेत, म्हणजे मोठीचा धाकटीले चालू नये. याले सारखेपण म्हणतेत काय?

मागच्या महिन्यात नातीचा, परीचा, ट्यूनिक आखूड झाला. सुमननं आपल्या रीतीनं मुडप उसवली. वरचा कपडा उन्हानं विटलेला, मुडपीतला कोरा. खाली गडद पट्टा दिसे. म्याडमनं पोरीले रांगेतून काढून दारात उभं केलं. दारात! माही नात!

पोट्टी घरी येऊन जेवेना. मी चप्पल घातली तं म्हणते, "दादाजी, मत जाओ ना, सब हँसेंगे."

"हासू दे," म्हटलं. "तुह्या आजीच्या सुईले कोणी दारात उभं करत नाही."

शाळेच्या फाटकावरचा चौकीदार म्हणे, "बबा, अभी मिले के टैम नइ हे."

"मोर करा टैमेच टैम हे," त्याच्याच बोलीत म्हटलं, माह्यापाशी टाइमच टाइम आहे, अन् मी आत.

म्याडम म्हणाल्या, "बाबूजी, रूल सबके लिए एक है."

"कपड़ा आपका, रंग आपका, दुकान भी आपकी," म्हटलं. "बच्ची बढ़ गई, ये भी रूल के खिलाफ है क्या?"

"देखते हैं," म्हणाल्या. देखते हैं म्हणजे नाही, एवढं चौथीतल्यालेही समजते. खुर्ची ओढली अन् बसलो. मोठ्या म्याडम आल्या, चहा विचारला. म्हटलं, चहा नको, पोरगी रांगेत पाह्यजे. "ठीक है" आयकलं तवाच उठलो.

दुसऱ्या दिवशी परी त्याच ट्यूनिकात रांगेत उभी राह्यली. पुढच्या साली रंग बदलनार म्हणतेत. बदलू दे, पुन्हा जाईन.

तुमी गावाहून फोन करता, "भाऊ, रिटायर झाला, आता घरी काहून येत नाही?" अरे बाबू, माहा बाप गावच्या शाळेची पायरी कधी चढला नाही. मास्तराशी बोलायचं तं अंगणात हात जोडून उभा राहे. मी इथं खुर्ची ओढून बसलो. आता तुमीच सांगा, कोणत्या घरून निघू अन् कोणत्या घरी येऊ?